गाव टिकते, म्हणजे कोण टिकते?

राज्य कोसळले, बाजार बंद पडले, वाहतूक तुटली, तर जगेल कोण, खेड्यातला की शहरातला? आपल्याकडे हा प्रश्न वारंवार विचारला जातो आणि त्याचे उत्तर बहुधा आधीच ठरलेले असते. खेडे जगेल, असे आपण म्हणतो. मातीत पाय असलेला मनुष्य उपाशी मरत नाही, विहीर आणि परसू असलेल्या घराला कशाचे भय, असे म्हणण्यात एक प्रकारचे समाधानही असते. २०२० साली टाळेबंदीत लाखो मजूर शहरे सोडून पायी गावाकडे निघाले, तेव्हा या समजुतीला जणू प्रत्यक्ष पुरावाच मिळाला, असे पुष्कळांस वाटले. ते मजूर मुळात गाव सोडून शहरात का गेले होते, ही गोष्ट त्या वेळी फारशी कोणी काढली नाही.

या समजुतीला शब्दरूप देणारा मनुष्य, गंमत अशी की, एक इंग्रज अधिकारी होता. सर चार्ल्स मेटकाफ याने १८३० साली लिहिलेल्या टिपणात हिंदुस्थानातील ग्रामसंस्थांचे वर्णन लहानलहान प्रजासत्ताके असे केले. राजघराणी एकामागून एक पडतात, हिंदू, पठाण, मोगल, मराठे, शीख, इंग्रज पाळीपाळीने धनी होतात. गाव मात्र जिथल्या तिथे राहते, असा त्याचा आशय. हे टिपण पुढे शंभर वर्षे आपल्या पुढाऱ्यांच्या भाषणांत, ग्रामस्वराज्याच्या पुस्तकांत आणि शाळेच्या इतिहासात इतके मुरले की ते आपलेच जुने वचन वाटावे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनासमितीत डॉ. आंबेडकरांनी या वचनाला सरळ हात घातला. गावे टिकली असतील. परंतु नुसते टिकण्याला मोल काय, ती कोणत्या पातळीवर टिकली, असा त्यांचा सवाल होता. सभागृहातील कित्येकांस तो रुचला नाही. तो सवाल आणखी एक पायरी खाली नेऊन विचारावा, असे प्रस्तुत लेखकास वाटते: गाव टिकते असे म्हणताना त्यातले नेमके कोण टिकलेले असते?

मेटकाफच्या टिपणात एक गोष्ट आहे, तिच्याकडे त्याच्या चाहत्यांचे सहसा लक्ष जात नाही. संकटात गावकरी गावातच तग धरून राहतात, असे तो म्हणतच नाही. लुटालूट अनावर झाली की ते दूरच्या स्नेही गावांत पळून जातात, आणि वादळ ओसरले की परत येतात. एक पिढी मध्येच गेली तर मुले बापांच्या जागी येऊन बसतात, असे तो सांगतो. म्हणजे टिकला तो मनुष्याचा जमिनीवरचा हक्क. ज्याच्यापाशी वतन होते त्याला परत येण्यास जागा होती. ज्याच्यापाशी नव्हते, तो गेला तो गेला. त्याची नोंद मेटकाफच्या टिपणात असण्याचे कारण नव्हते.

गोमंतकातील वाचकांस या म्हणण्याचा अर्थ लावण्यासाठी दूर जावे लागणार नाही. मांडवीच्या काठी जुने गोवे आहे. १५१० मध्ये आल्बुकर्कने घेतलेले हे शहर पुढील शतकात पूर्वेकडील व्यापाराचे मोठे ठाणे झाले. मग साथींमागून साथी आल्या, विहिरींचे पाणी दूषित झाले, डच स्पर्धेने व्यापार गेला, आणि वसाहत रोडावत गेली. १७५९ मध्ये व्हिसेरेईचा मुक्काम पणजीला हलला, १८४३ मध्ये राजधानीचा मानही पणजीला गेला. धार्मिक संघ बरखास्त झाल्यावर सेंट ऑगस्टिनचे प्रचंड मंदिर ओस पडले, १८४२ मध्ये त्याचे छत कोसळले. आज त्याच्या भग्न मनोऱ्याभोवती गवत असते आणि प्रवासी छायाचित्रे घेतात. इतके मोठे शहर गेले, आणि त्याच्या आजूबाजूची तिसवाडी-साष्टीतील गावे मात्र राहिली. खाजनांचे बांध राहिले, भरतीचे खारे पाणी अडवणाऱ्या मानशी राहिल्या, गावकारांचे जोण वाटप राहिले. मेटकाफला याहून चांगला दाखला मिळाला नसता.

पण हा दाखला जरा उलटा करून पाहावा. कुडथाळ हे गाव टिकले. तेथील श्रीमंगेशही टिकला. दोघे मात्र एकत्र टिकले नाहीत. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात देव नदीपलीकडे आदिलशाही मुलखात, प्रियोळला नेला गेला. केळशीची शांतादुर्गा कवळ्यास आली, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला, लोटलीचा रामनाथ बांदिवड्यास. गावाची शेते तीच राहिली, बांध तेच राहिले, गावकरीची संस्थाही पोर्तुगीज कायद्याच्या आश्रयाने राहिली. परंतु ज्या देवापुढे त्या गावाचे नवे धान्य ठेवले जात असे तो देव तेथे उरला नाही, आणि त्याच्यामागून गेलेली कुळेही उरली नाहीत. त्यांपैकी कित्येक घराणी पुढे कारवार, मंगळूर, कोचीपर्यंत गेली. आपापला कुलदेव कोणता आणि मूळ गाव कोणते, हे त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले. यांपैकी टिकले कोण? जमिनीला विचारले तर एक उत्तर येते, महाजनांच्या यादीला विचारले तर दुसरे.

आता प्रश्नाच्या दुसऱ्या अंगाकडे वळावयाचे, तर ज्या साहित्यकृतीने या विषयाचा सर्वांत खोल विचार केला आहे तिच्याकडे जाणे प्राप्त आहे. ती मराठी नाही आणि कोंकणीही नाही. विभूतिभूषण बंद्योपाध्याय यांची ‘अशनि-संकेत’ ही बंगाली कादंबरी आणि तिच्यावरून सत्यजित राय यांनी १९७३ साली काढलेला त्याच नावाचा चित्रपट, हे दोन्ही आपल्या मंडळींनी, विशेषतः देवस्थानांशी ज्यांचा पिढीजात संबंध आहे त्यांनी, आवर्जून पाहण्यावाचण्याजोगे आहेत. कारण उघड आहे. तिचा नायक गंगाचरण हा भट आहे.

गंगाचरण चक्रवर्ती बायकोला घेऊन एका नव्या गावात येऊन राहतो. गावात तो एकटाच ब्राह्मण. म्हणून पूजा तो सांगतो, पोरांना तो शिकवतो, औषधपाणीही तोच करतो. शेजारच्या गावी पटकी येऊ नये म्हणून त्याला विधी करण्यास बोलावतात, तेव्हा मंत्रांबरोबर तो स्वच्छतेचे दोन नियमही सांगून येतो. दोन्हींवर त्याची श्रद्धा सारखीच, म्हणजे बेताचीच. मनुष्य लबाड नाही, पण हिशेबी आहे. आपल्या जातीचे गावात किती मोल आहे हे त्याला नीट ठाऊक असते, आणि ते मोल तो तांदूळ, डाळ, तेल, वस्त्र या रूपाने वसूल करतो. विभूतिभूषणांनी त्याच्यावर राग धरलेला नाही, हे या लेखनातील मोठे सौंदर्य आहे. ‘पथेर पांचाली’ लिहिणाऱ्या हातालाच ते साधावे.

मग दूर कोठेतरी युद्ध असते. सिंगापूर पडल्याची बातमी येते. ते नक्की कोठे आहे हे गावात कोणाला माहीत नाही. आकाशातून विमाने जातात आणि बायका नदीवर उभ्या राहून कौतुकाने पाहतात. तांदळाचा भाव चढतो. मग आणखी चढतो. मग तांदूळ दिसेनासा होतो. व्यापारी कोठार बंद करतो, लोक ते फोडतात, बायका रानातले कंद खणू लागतात. आणि एके दिवशी गंगाचरणाच्या ध्यानात येते की आपण खेड्यात राहतो खरे, परंतु आपण एक दाणाही पिकवीत नाही. भोवती शेते असताना तो, अन्नाच्या बाबतीत, अगदी शहरी मनुष्य आहे. त्याचा दाणा दुसऱ्याच्या खळ्यातून, दुसऱ्याच्या श्रद्धेतून येत असे. खळे रिकामे झाले तेव्हा श्रद्धा कोणाची कितीही शाबूत असली तरी भट उपाशी राहणार.

या जाणिवेचे मोल वाङ्मयाच्या बाहेरचेही आहे. ‘खेडे’ या शब्दाखाली आपण जे एकजीव चित्र पाहतो त्याची यामुळे चिरफाड होते. खेड्यात जमीनवाला आहे. दुसऱ्याच्या जमिनीवर राबणारा आहे. जाळे टाकणारा, नाव वल्हवणारा, हजामत करणारा, भांडी घडवणारा, देवापुढे वाजवणारा आहे. संकट आले की हे सगळे एका होडीत नसतात. १९४३ च्या बंगालमध्ये नेमके हेच घडले. मार्च १९४२ मध्ये रंगून पडले आणि ब्रह्मदेशचा तांदूळ बंद झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मेदिनीपूरच्या किनाऱ्यावर चक्रीवादळ आले. जपानी सैन्याच्या हाती लागू नयेत म्हणून सरकारने किनारपट्टीतल्या नावा आणि साठे काढून घेतले. लष्कराच्या खर्चाने भाव भडकले आणि साठेबाजीने ते अस्मानाला भिडले. मृतांचा आकडा सरकारी चौकशी आयोगाने १५ लाख धरला. अमर्त्य सेन यांनी १९८१ साली ‘पॉव्हर्टी अँड फॅमिन्स’ या ग्रंथात तो ३० लाखांच्या जवळ नेला. मेले ते बहुतेक सारे खेड्यातले. त्यांतही शेतमजूर, कोळी, नावाडी, कारागीर हे पुढे. कलकत्त्याची वस्ती, सरकारी नोकर आणि युद्धाच्या कारखान्यांतले कामगार यांना स्वस्त धान्य मिळत राहिले. कलकत्त्याच्या रस्त्यांवर जे प्रेतवत् पडलेले दिसत होते, ते एक लाखाच्या घरातले निराश्रित, गावांकडून आलेले होते. भात पिकवणाऱ्या प्रांतातला मनुष्य भाताची पेज मागत शहरात आला, अशी ही उलटी वाट आहे.

चित्रपटावर एक आक्षेप त्या वेळी पुष्कळांनी घेतला. दुष्काळाचे चित्र रंगीत, आणि तेही इतके हिरवेगार कसे? बर्लिनला पारितोषिक मिळाले तेव्हाही ही कुजबुज थांबली नाही. हा आक्षेप आम्हांस मुळीच मान्य नाही. उलट, रायांनी येथे विषयाचे मर्म पकडले आहे. ते अवर्षण नव्हते. झाडे हिरवी होती, तळी भरलेली होती, फुलपाखरे होती. मनुष्य मरत होता तो निसर्गाच्या कोपाने नव्हे. भेगाळलेली जमीन आणि हाडांचे सापळे दाखवले असते तर प्रेक्षकाने देवाला बोल लावला असता आणि घरी जाऊन जेवला असता.

आमचा आक्षेप असलाच तर वेगळ्या जागी आहे. या चित्रपटात शहर नाही. छुटकी नावाची स्त्री भुकेपायी वीटभट्टीवरल्या, तोंड भाजलेल्या मनुष्याबरोबर शहराकडे निघून जाते, आणि कॅमेरा तिच्यामागून जात नाही. तांदूळ कोठे गेला हेही आपल्याला दिसत नाही. गावाच्या वेशीतून जी दोन मोलाची वस्तू बाहेर गेली, धान्य आणि स्त्री, ती जेथे गेली ती जागा अंधारात राहते. खेड्याच्या मरणाची निम्मी कथा त्या अंधारात आहे.

ती निम्मी कथा विजन भट्टाचार्य यांच्या ‘नवान्न’ या १९४४ सालच्या नाटकात आहे. भारतीय जननाट्य संघाने ते रंगभूमीवर आणले. शेतकरी कुटुंब कलकत्त्याला येते. एकीकडे धनिकाच्या घरी लग्नाच्या पंगती, दुसरीकडे उष्ट्यावर माणूस आणि कुत्रा यांची झुंज, हा प्रसंग ज्याने वाचला तो विसरणार नाही. नाटक म्हणून मात्र त्याची बांधणी सैल आहे, आणि शेवटी सारे गावी परततात व नव्या पिकाचा उत्सव होतो, तेथे नाटककार मेटकाफच्या पंक्तीला जाऊन बसतो. आपल्याकडे नव्याच्या दिवशी भाताची कणसे देवाला वाहून दारावर बांधतात. त्या विधीतला आनंद कोणाही गोमंतकीयाला समजेल. पण जी माणसे परत आली नाहीत त्यांची कणसे कोणी कापली, हे त्या शेवटच्या अंकाने विचारावयास हवे होते.

‘अशनि-संकेत’मध्ये तो प्रश्न मोतीच्या मरणात आहे. मोती ही अस्पृश्य स्त्री, गावात भुकेने मरणारी पहिली. तिला शिवणार कोण? चित्रपटात गंगाचरण स्वतः पुढे होऊन तिची नाडी पाहतो. ज्या हाताच्या शुद्धतेवर त्याचे पोट चालत होते तोच हात. राय येथे एकही शब्द अधिक खर्च करीत नाहीत. त्यानंतर एक म्हातारा ब्राह्मण आपले सारे कुटुंब घेऊन आश्रयाला येताना दिसतो, आणि उपाशी घर त्याला नाही म्हणत नाही. गाव म्हणून जे काही खरोखर टिकावे असे असते ते या दोन प्रसंगांत असेल. पण त्या दोन प्रसंगांनी एक मूठ तांदूळ वाढत नाही, हे सांगण्याचा प्रामाणिकपणाही लेखक-दिग्दर्शकांपाशी आहे.

यावरून कोणी असा निष्कर्ष काढील की शहरच बरे. तोही टिकत नाही. त्याच महायुद्धात, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, हॉलंडच्या पश्चिम भागातील शहरांत लोक भुकेने मेले. रेल्वे कामगारांनी संप केला, जर्मन सैन्याने अन्नाची वाहतूक अडवली, आणि ॲम्स्टरडॅमचे सुखवस्तू गृहस्थ सायकलीवर चादरी, चांदीची भांडी, अंगठ्या घेऊन शेतकऱ्यांच्या दारी बटाटे मागत हिंडू लागले. ट्यूलिपचे कंद उकडून खाल्ले गेले. मृतांची संख्या २० हजारांच्या आसपास धरतात. तेथे खेडे जगले, कारण बटाटा ज्याच्या शेतात होता त्याच्याच हातात राहिला. उलट १९३२-३३ मध्ये युक्रेनच्या सुपीक काळ्या जमिनीवर शेतकरी लाखांनी मेला, कारण त्याचे धान्य सरकारी पथकांनी नेले आणि त्याला गाव सोडण्याचीही बंदी झाली. एकाच खंडात, बारा वर्षांच्या अंतराने, खेड्याचे दोन विरुद्ध निकाल. वस्ती कोठली यावर तो निकाल लागला नाही. राशीवर शेवटचा हात कोणाचा होता यावर लागला.

मराठीत या गोष्टीचे भान सर्वांत आधी ज्याला आले तो ग्रंथ १९१५ सालचा आहे. त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ आजही मागवून वाचला जातो, पण बहुधा जुन्या शब्दांसाठी आणि जुन्या रीतींच्या वर्णनासाठी. आत्र्यांनी महसूल खात्यात काम करताना गाव जवळून पाहिले. गावाचे दोन भाग ते आपल्या जुन्या भाषेतच सांगतात: काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकणारी जमीन, पांढरी म्हणजे वस्ती. पांढरीवरची सगळी माणसे काळीवर जगतात. पाटील, कुलकर्णी, बलुतेदार, अलुतेदार, भट, गुरव, आणि त्यांच्याही पलीकडे दारोदार फिरणारे फिरस्ते. कुणब्याच्या राशीतून किती हात आपापला वाटा उचलतात, याचा हिशेब आत्रे इतक्या कडवटपणे मांडतात की वाचक मधूनमधून अस्वस्थ होतो. त्यांचा कडवटपणा कधी कधी अन्यायाकडे झुकतो. फिरस्त्यांविषयी लिहिताना त्यांची लेखणी सरकारी कागदाची होते, आणि ज्यांना उभे राहण्यास जमीनच दिली गेली नाही त्यांच्या हिंडण्याला ते आळस समजतात. परंतु गाव ही एकसंध, स्वयंपूर्ण, परस्परप्रेमाने चालणारी वस्तू आहे, ही कल्पना या पुस्तकापुढे उभी राहू शकत नाही. मेटकाफने गाव घोड्यावरून पाहिले. आत्र्यांनी ते खळ्यावर बसून पाहिले.

गोमंतकाला हाच मापदंड लावला तर काय दिसेल? गावकारांना जोण होते. मुंडकाराला नव्हते, खाजनाच्या चिखलात कंबरेपर्यंत उतरून फुटलेला बांध घालणाऱ्या कुळालाही नव्हते. खाजन शेती हे सामुदायिक उद्योगाचे अपूर्व उदाहरण म्हणून अलीकडे गौरवले जाते, आणि तो गौरव यथार्थ आहे: एका रात्रीत फुटलेली मानस सगळ्या गावाच्या शेतात खारे पाणी घालते, म्हणून तेथे प्रत्येकाला प्रत्येकाची गरज पडते. पण गरज पडणे आणि वाटा मिळणे या दोन गोष्टी आहेत. शिवाय आपल्या कित्येक गावांनी विसाव्या शतकात घरची चूल मुंबईच्या पगारावर, पुढे आखाताच्या पैशावर पेटती ठेवली, आणि शेते पडीक टाकली. अशा गावात आज बाजार बंद पडला तर परसातल्या माडाखाली उभा असलेला मनुष्य आणि पणजीच्या तिसऱ्या मजल्यावरचा मनुष्य यांच्यात विहिरीच्या पाण्यापलीकडे फारसा भेद राहणार नाही. पाणी ही लहान गोष्ट नव्हे. पण पाण्याने पोट भरत नाही.

देवळांचा विचार येथे टाळता येत नाही, कारण देवस्थान हीदेखील आपल्याकडे राशीवर हक्क असलेली एक संस्था होती. देवाच्या जमिनीचे भात येई, आणि त्यातून वाटे निघत: पुजाऱ्याचा, भटाचा, वाजंत्र्याचा, झाडणाऱ्याचा, दिवटी धरणाऱ्याचा. कोणाला नैवेद्याचे पान, कोणाला शेर, कोणाला नारळ. या वाट्यांतून देवळाभोवतीची एक पांढरी वसली होती, आणि गंगाचरणाप्रमाणे तिच्यातला कोणीही नांगर धरीत नव्हता. दुर्भिक्षाच्या साली हे वाटे सगळ्यांचे सारखे कमी झाले, की खालच्यांचे आधी थांबले? देवस्थानाने कोठार उघडले की कुलूप लावले? अमुक साली महाप्रसाद कोणाकोणाला घातला गेला, आणि कोण देवळाच्या चौकाबाहेर बसला? ज्या देवस्थानांकडे जमाखर्चाच्या जुन्या वह्या अद्याप वाळवीतून वाचल्या आहेत, त्यांनी त्या एखाद्या जाणत्या माणसाच्या हाती देऊन ही पाने काढवून घ्यावीत. उत्सवांच्या आणि जीर्णोद्धारांच्या स्मरणिका आपण पुष्कळ छापतो. ‘गावगाड्या’शेजारी ठेवता येईल असे हे एक पुस्तक मात्र अजून कोणी काढलेले आमच्या पाहण्यात नाही.